आजीच्या लुगड्याचा वास आणि आईचा नकार

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. पत्रलेखिका चौतीस वर्षांच्या आहेत. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी पुण्यात सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम केले आणि वडील गेल्यानंतर त्या गावी परतल्या. जुन्या घरातील धान्याच्या खोलीत त्या आता अत्तरे तयार करतात. त्यांची पाचही अत्तरे लहानपणाच्या आठवणींवर बेतलेली आहेत : आजीच्या ट्रंकेतील लुगडे, पहाटे गळणारी मोहाची फुले, मिरगाचा पहिला पाऊस, वरुडजवळच्या मामांच्या बागेतला संत्र्याच्या आंबिया बहाराचा फुलोरा, आणि पोळा. प्रदर्शनांतून आणि फोनवर येणाऱ्या मागण्यांतून थोडीफार विक्री होते. त्यावर घर चालत नाही, पण खर्च निघतो.

गेल्या महिन्यात तीन गोष्टी एकदम घडल्या. ‘लुगडं’ हे अत्तर त्यांनी आईच्या मनगटाला लावले, तेव्हा आई म्हणाली, “तुह्या आजीचा वास असा नव्हता बाप्पा. हा त माह्या चुलीचा धूर हाय.” घरचे कोरडवाहू वावर कसणारा मोठा भाऊ म्हणाला, की आपल्या घरची गरिबी बाटलीत भरून शहरातल्या लोकांना विकणे शोभत नाही. आणि नागपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने प्रस्ताव दिला, की गुलाब, मोगरा आणि ऊद अशा चालणाऱ्या वासांच्या तीनशे बाटल्या दरमहा त्याच्या नावाने भरून द्याव्यात आणि ‘आठवणींचे खूळ’ सोडावे. लेखिका विचारतात : ज्या आठवणीवर हे सारे उभे केले तीच खोटी असेल, तर मी ग्राहकांची फसवणूक करते आहे का? हे काम बंद करून व्यापाऱ्याचे काम घ्यावे का?

उत्तर :

तुमच्या पत्रात भावाच्या रागाचे आणि व्यापाऱ्याच्या प्रस्तावाचे वर्णन सविस्तर आहे. आईच्या नकाराला मात्र तुम्ही दोन ओळी दिल्या आहेत आणि लगेच आपली आठवण खोटी ठरल्याचा निष्कर्ष काढला आहे. मला त्या दोन ओळींपाशीच थांबावेसे वाटते. अत्तर वाईट आहे असे आई म्हणाली नाही, आणि वास ओळखू येत नाही असेही म्हणाली नाही. तिने तो ओळखला, तो कुठला आहे हे सांगितले, आणि तो कोणाच्या वाट्याचा होता याबाबत तुम्हाला दुरुस्त केले. अत्तर करणाऱ्याला इतका नेमका अभिप्राय क्वचितच मिळतो. प्रदर्शनातले ग्राहक ‘छान आहे’ म्हणून पुढे जातात.

तुम्हीच लिहिले आहे, की आजी पानपुडा घेऊन ओसरीवर बसत असे आणि तुम्ही तिच्या मांडीवर. आई सून म्हणून आली तेव्हापासून चूल तिच्याकडे होती. त्या चुलीत पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, जळत होती. हे जळण भसकन पेटते, लवकर विझते, पुन्हा पुन्हा सारावे लागते, आणि थोडे दमट असले तर घरभर धूर करते. तो धूर ओसरीपर्यंत येऊन आजीच्या पदरात आणि लवंग-काताच्या वासात मिसळत असणार. मांडीवर बसलेल्या मुलीला तो सगळाच वास आजीचा वाटला, यात नवल नाही. चुलीपुढे फुंकणीने फुंकर घालणाऱ्या बाईला तो तसा वाटणे शक्यच नव्हते. तुमच्या आठवणीत दोन बायका एका वासात मिसळल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीने इतक्या वर्षांनी आपला वाटा ओळखला आहे. तुम्ही दोघीही खरे बोलत आहात.

तुमच्या प्रश्नाखाली एक गृहीत दडलेले दिसते : घराची आठवण एकच असते, आणि जी सर्वांत तीव्रतेने जाणवते ती अचूक असते. वासाच्या बाबतीत हे गृहीत विशेष फसवे आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत आधी एका मधल्या केंद्रातून जाते. वासाची वाट मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट जाते. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक करून आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असेही मानसशास्त्राच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून एखादा वास आला की गळा दाटतो. त्या दाटण्यावरून आठवण खोल आहे एवढे कळते. आजीच्या पदराला वाळ्याचा वास अधिक होता की धुराचा, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय नाकही प्रत्येकाचे वेगळे असते. वास टिपणाऱ्या ग्राहींच्या, म्हणजे नाकातल्या सूक्ष्म संवेदकांच्या, जनुकांचे मोठे कुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही कामात असतात, आणि त्यांच्यात व्यक्तीगणिक फरक असतो. तेव्हा तुमच्या आईने आणि तुम्ही एकच मनगट हुंगले, तरी दोघींना तंतोतंत तोच वास आला असे धरून चालता येत नाही.

आता फसवणुकीबद्दल. तुम्ही ग्राहकाला काय सांगता, यावर ते अवलंबून आहे. पत्रासोबत पाठवलेल्या लेबलावर ‘आजीच्या लुगड्याचा अस्सल वास’ असे छापले आहे. यातला ‘अस्सल’ काढून टाका. ओसरीवर बसलेल्या एका मुलीला जे जाणवले त्यावरून केलेले अत्तर, एवढे म्हटले तर ते पूर्ण खरे आहे, आणि ते खोडून काढण्याचा अधिकार आईलाही उरत नाही. विकत घेणाऱ्याला तुमची आजी माहीत नसते. तो बाटली उघडतो ती स्वतःच्या कोणासाठी तरी, आणि पुष्कळदा तर वास आवडला एवढ्याच कारणासाठी. तुमची पाचही अत्तरे गोष्ट न सांगता, नाव झाकून, कोऱ्या कागदी पट्टीवर लोकांना हुंगायला दिली आहेत का, हे पत्रातून कळत नाही. दिली नसतील तर आधी ते करा. जे अत्तर गोष्टीशिवाय उभे राहत नाही, त्याला गोष्ट फार काळ धरून ठेवू शकत नाही.

हुबेहूब नक्कल करण्याचा हट्ट सोडला, तर तुमची स्वतःचीही पुष्कळ सुटका होईल. मिरगाच्या पावसाचेच उदाहरण घ्या. तुम्ही कन्नौजहून मिट्टी अत्तर मागवता आणि त्यात थोडा वाळा व नागरमोथा मिसळता, असे लिहिले आहे. ते अत्तर कसे होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगते : भाजलेली माती पाण्यासह तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे देगेत, घालतात, तोंड लिंपून खाली आच देतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून चंदनतेल असलेल्या दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात, उतरवतात. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात कोरड्या मातीवर पाणी पडल्यावर येणाऱ्या वासाचा शोध मांडला, तेव्हा उत्तर प्रदेशातील या अत्तराचा उल्लेख त्यांनीही केला होता. अत्तर उत्तमच असते. पण ती भाजलेली माती आहे. तिच्यात कुल्हडाचा, नव्या माठाचा वास आहे. तुमच्या वावरातली काळी जमीन उन्हाळाभर तडकून पडते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मिरगाचे पहिले टपोरे थेंब त्या भेगांत शिरतात तेव्हा वर येणाऱ्या वासात पालापाचोळा असतो, सुकलेले शेण असते, आणि जमिनीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेला जिओस्मिन असतो. जिओस्मिन माणसाच्या नाकाला इतका तीव्रतेने कळतो, की लाख कोटी भाग पाण्यात त्याचे मोजके भाग असले तरी पुरतात. रसायनशास्त्र शिकलेल्या तुमच्यासारखीला तो विरळ करून वापरणे अवघड नाही. थोडा जास्त झाला, की बीटाचा आणि तळघराचा वास येतो, एवढे ध्यानात ठेवा. मला वाटते, तुमच्या ‘मिरग’मध्ये पाऊस भरपूर आहे, वावर मात्र कमी पडते.

मोहाच्या बाबतीत तर निसर्गानेच नक्कल करण्याची वाट अडवली आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप पडणारी ताजी फुले जशी दरवळतात, तसा वास देगेतून उतरत नाही. आच लागली की तो शिजल्यासारखा होतो, आणि फुले वाळली की मनुकांकडे झुकतो. ताज्या मोहाच्या त्या भातासारख्या गोडसर छटेमागे एक रेणू आहे, जो बासमतीतही असतो. वाघ हद्दीची खूण म्हणून जो फवारा मारतो, त्यात तोच रेणू असल्याचे बंगालमधील शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवले होते. ताडोबा-मेळघाटाकडच्या वाचकांना याची गंमत वाटेल. हा रेणू अतिशय नाजूक असून लवकर विघटित होतो, म्हणून ताजा मोह बाटलीत टिकत नाही. तेव्हा तुम्हाला तो रचावाच लागेल. रचताना एक गोष्ट विचारात घ्या. मोहाखालची फुले नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. त्यातून जंगलात वणवे लागतात आणि वनविभाग तसे न करण्याबद्दल सांगत असतो, पण तुमच्या लहानपणीच्या पहाटेत तो वास नक्की असणार. तुम्ही पाठवलेल्या घटकांच्या यादीत गोडवा आहे, फुले आहेत, थोडी आंबूस छटाही आहे. राख नाही. चुलीचा धूर जर आजीच्या अत्तरातून काढायचा असेल, तर त्यातला थोडा इथे आणून पाहा.

‘लुगडं’बद्दल तुमच्या कामाची म्हणून एक सूचना. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास तुम्हाला हवा आहे आणि डांबरगोळी त्वचेवर लावायच्या वस्तूत घालता येत नाही, म्हणून तुम्ही कापराने भागवले. मोगऱ्यात आणि संत्र्याच्या फुलात इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते अगदी विरळ असताना फूल वाटते आणि दाट झाले की डांबरगोळी. वाळ्याच्या बैठकीवर इंडोलचा एक कण धरला, तर बंद ट्रंक उघडल्याचा भास कापरापेक्षा चांगला होईल. लवंगेतल्या युजेनॉलमुळे काहींच्या त्वचेला त्रास होतो, म्हणून त्याच्या प्रमाणाला आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने मर्यादा घातल्या आहेत. आजीचा पानपुडा कितीही आठवला, तरी त्या मर्यादेच्या आत राहा. धुरासाठी लाकडापासून काढलेले कच्चे डांबरी तेल वापरू नका, त्यात घातक संयुगे असतात. शुद्ध केलेलेच घ्या. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज तुमच्या लेबलावरही डोकावतो. तोही काढा.

आणि हे सगळे करताना आईला सोबत बसवा. तिची परवानगी घ्यावी म्हणून नव्हे, तिचे नाक चांगले आहे म्हणून. तिला ‘आजीचा वास कसा होता’ असे विचारू नका. त्याला कोणालाच उत्तर देता येत नाही. ट्रंकेत काय काय ठेवलेले असे, लुगडी कधी वाळत घालत, आजी पानात तंबाखू घेत असे का, डोक्याला कोणते तेल लावत असे, असे साधे प्रश्न विचारा. वासाचे वर्णन करताना भल्याभल्यांची गडबड होते, वस्तूंची नावे मात्र बायकांना पक्की आठवतात. चुलीचा धूर अत्तरात घ्यावा असे तिला वाटते का, हेही विचारा. कदाचित तिला तो नकोच असेल. ज्या धुराने निम्मे आयुष्य डोळे चोळले, तो पुन्हा मनगटावर लावून घेण्याची हौस तिला का असावी? तसे असेल, तर ते अत्तर आपण स्वतःसाठी ठेवावे की विकावे, हा निर्णय तुमचा. पण तो तिचे ऐकल्यानंतर घ्या.

इथून भावाच्या म्हणण्याकडे वळणे सोपे जाते. तुम्ही त्याला ‘अत्तरातले काही कळत नाही’ असे म्हणून बाजूला ठेवले आहे. मला त्याचे म्हणणे पूर्ण पटत नाही, पण अर्धे पटते, आणि ते अर्धे महत्त्वाचे आहे. गोठ्याचा, सरकीच्या ढेपेचा, बैलाच्या घामाचा वास तुमच्यासाठी लहानपण आहे. त्याच्यासाठी ते आज सकाळचे काम आहे. तुम्ही त्यातून बाहेर पडून, पगार घेऊन, परत आलात. तो तिथेच आहे, आणि कापसाचा भाव पडला की काय होते हे त्याला बातमीतून कळत नाही. अशा माणसाने ‘पोळा’च्या बाटलीमागे ‘कष्टाळू शेतकऱ्याच्या घामाचा पवित्र सुगंध’ हे वाक्य वाचले, तर त्याला संताप येणारच. मलाही आला. ते वाक्य विकत घेणाऱ्याला सोयीचे आहे, घाम गाळणाऱ्याला नाही.

पण त्यावरून पोळ्याचे अत्तरच करू नये, असे ठरत नाही. ‘पोळा’ मला तुमच्या यादीतले सर्वांत धाडसी अत्तर वाटते. गुलाबाची अत्तरे करणारे शेकडो आहेत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत खांद्यांना तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेक द्यायचा. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग आणि वॉर्निश, नव्या सुताचे कासरे, पुढ्यात पुरणपोळी. हळद, तूप, वॉर्निश, ओले पान आणि जनावराची ऊब, हा जोड कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यात गरिबी कुठे आहे? तो घरातला सणाचा दिवस आहे. घामाचे वाक्य काढून तूप-हळदीचे वाक्य घाला आणि ते भावाकडून वाचून घ्या. बैलाच्या अंगाचा वास त्यात किती असावा, हेही त्यालाच विचारा. तुमच्या घरात ते त्याच्याइतके कोणाला कळणार? पळसाबद्दल मात्र एक आठवण करून देते. पळसाच्या फुलाला जवळजवळ वास नसतो, म्हणून लेबलावर पळसफुलाचे चित्र काढून ग्राहकाला त्याचा वास शोधायला लावू नका. पान आहे, ते चित्रात पानच असू द्या.

आता व्यापारी. तुम्ही हा प्रश्न ‘कला की पोट’ असा मांडला आहे, आणि मला तो तसा दिसत नाही. तीनशे बाटल्या गुलाब-मोगऱ्याच्या भरून देणे हे हलके काम नाही. त्यातून हात बसतो, कच्चा माल एकगठ्ठा आणि स्वस्त घेता येतो, आणि घरात दरमहा ठरलेली रक्कम येते, जी तुमच्या पाच अत्तरांनी अजून आणलेली नाही. मला स्वतःला ऊद म्हणून विकला जाणारा बहुतेक माल सोसत नाही, पण तो माझ्या नाकाचा दोष समजा. अडचण दुसरीकडे आहे. तो तुम्हाला तुमचे काम बंद करायला का सांगतो? माल भरून घेणाऱ्याला, भरणारी व्यक्ती उरलेल्या वेळात काय करते, याच्याशी देणेघेणे नसावे. ही अट त्याने लेखी ठेवली, तर सही करू नका. तसेच अत्तराचा फॉर्म्युला कोणाकडे राहील, आगाऊ रक्कम किती, माल परत आला तर तोटा कोणाचा, कच्च्या मालाचे भाव चढले तर दर बदलेल का, हे कागदावर येऊ द्या. फॉर्म्युला हातचा जाऊ देऊ नका, कारण अत्तराचा वास कायद्याने राखणे फार कठीण असते. गुपित राखणे हाच त्याचा बंदोबस्त. तुमच्या अत्तरांच्या नावांची ट्रेडमार्क नोंदणी मात्र करता येते. सहा महिन्यांसाठी, निम्म्या मालावर, अशी बोलणी करून पाहा. तो अजिबात मान्य करत नसेल, तर त्याला तुमच्या हातापेक्षा तुमची रिकामी खोली हवी होती असे समजा.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि तुमच्यासारख्या घरी अत्तर करणाऱ्या इतरांनाही ते लागू आहे. विक्रीसाठी अंगाला लावण्याचे सुगंधी पदार्थ बनवणे सौंदर्यप्रसाधनांत मोडते. त्यासाठी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, आणि बाटलीवर घटक, बॅच क्रमांक, वापराची मुदत, पत्ता, वजन आणि कमाल किंमत छापावी लागते. पुण्यातल्या नोकरीत हे तुम्ही जवळून पाहिले आहे, तरी पत्रात परवान्याचा उल्लेख कुठेच नाही. स्वतःची जागा नियमांत बसवणे परवडत नसेल, तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या जागेत लोन लायसन्सवर उत्पादन करण्याची सोय आहे. तीनशे बाटल्यांच्या कराराला हात लावण्याआधी हे झालेच पाहिजे, कारण अडचण आली तर ती बनवणाऱ्यावर येते. मद्यार्क वापरून स्प्रे करण्याचा तुमचा विचार आहे. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीचा वेगळा व्याप आहे, म्हणून सध्या तेलावरचीच अत्तरे करा.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडेसे. तुम्ही थेंब मोजता, ते सोडा. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो, आणि दाट तेलाचा थेंब पातळ तेलाच्या थेंबाइतका नसतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या आणि प्रत्येक फॉर्म्युला वजनात लिहा. मिश्रण काही आठवडे मुरू द्या, आणि मग ते लावल्या लावल्या, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगून टिपून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि तेव्हा अत्तरातला वरचा हलका वास फोडणीसारखा क्षणात उडून जातो; जे अत्तर डिसेंबरात सुंदर वाटले, ते उन्हाळ्यात तपासल्याशिवाय बाजारात आणू नका. मे महिन्यात कुरिअरने माल पाठवणे शक्यतो टाळा. संत्र्याच्या सालीचे तेल तर विशेष जपा. ते हवेने आणि उन्हाने खराब होते, आणि खराब झाल्यावर त्वचेला झोंबते; छोट्या, काठोकाठ भरलेल्या, गडद बाटल्यांत, थंड जागी ठेवा, आणि जुने झाले की टाकून द्या.

आंबिया बहाराची फुले मामांच्या झाडांवरून तोडू नका. प्रत्येक फूल हे त्यांचे संभाव्य फळ आहे. बहारात पुष्कळ फुले आपोआप गळतात, ती पहाटे चादर अंथरून गोळा करता येतात. छाटलेल्या पानसोटांची (फळ न धरणाऱ्या जोमदार फुटव्यांची) पाने आणि कोवळ्या काड्या देगेत घालून वाफ उतरवली, तर हिरवट, किंचित कडू असा तेलाचा अंश मिळतो, आणि बागेचा वास मला तरी फुलापेक्षा त्यातच अधिक जाणवतो. फक्त फवारणी कधी झाली हे मामांना आधी विचारा, आणि फवारलेल्या बागेतले काही घेऊ नका. मोहाची फुले जंगलातून येत असतील, तर ती वेचणाऱ्या बायकांकडून, ग्रामसभेच्या माहितीने आणि दारूसाठी मिळतो त्यापेक्षा चांगला भाव देऊन घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क त्यांना दिला आहे, आणि ताजी, स्वच्छ, माती न लागलेली फुले वेचण्यासाठी त्यांना पहाटे जास्त वेळ मोडावा लागतो.

पाच अत्तरे एकदम सुधारायला घेऊ नका. ‘मिरग’ आणि ‘आंबिया’ जशी आहेत तशी विकत राहा, ‘मोह’ पुढच्या मार्चपर्यंत बाजूला ठेवा, आणि ‘लुगडं’ व ‘पोळा’ यांची लेबले आधी बदला. तेवढे या आठवड्यातही होईल. व्यापाऱ्याला सध्या एवढेच कळवा, की परवान्याची चौकशी चालू आहे आणि त्याने त्याच्या अटी लिहून पाठवाव्यात.